लहान नाण्याची मोठी पारख
(प्रूफ नाणी, त्यांचा संग्रह आणि आपल्या घरातील बडोद्याचे पैसे)

व्यापार म्हटला की नाणे आले आणि नाणे म्हटले की पारख आली. एके काळी आपल्या पेढ्यांवर आलेला रुपया गल्ल्यात पडण्यापूर्वी दगडावर वाजवून पाहिला जात असे. त्याचा नाद, त्याचे वजन, त्याचा काठ आणि त्यावरील ठसा या चार गोष्टी तपासूनच मुनीम तो स्वीकारीत. कागदी चलन रूढ झाल्यावर ही विद्या नित्य व्यवहारातून हळूहळू नाहीशी झाली. तथापि नाणेसंग्रहाच्या क्षेत्रात तिची आवश्यकता आजही पूर्वीइतकीच आहे. आमच्या सभासदांपैकी पुष्कळांच्या घरी जुनी नाणी आहेत. त्यांचे खरे मोल कशात असते आणि ते कशाने नष्ट होते, याचा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

नाण्यांची शास्त्रशुद्ध परीक्षा ही आपल्या परंपरेस परकी नाही. दिल्लीच्या टांकसाळीत अधिकारपद भूषविलेल्या ठक्कुर फेरू या श्रीमाळ जैन गृहस्थाने इसवी सन १३१८ मध्ये 'द्रव्यपरीक्षा' नावाचा ग्रंथ रचला. त्या काळी प्रचारात असलेल्या अडीचशेहून अधिक प्रकारच्या नाण्यांचे वजन, त्यांतील सोन्या-चांदीचा कस आणि त्यांचा परस्परांशी विनिमय यांची माहिती त्याने आपल्या घरच्या मंडळींच्या उपयोगासाठी लिहून ठेविली. हा ग्रंथ अनेक शतके अज्ञात होता. नाहटा बंधूंनी त्याचे हस्तलिखित उजेडात आणले आणि मुनी जिनविजयजी यांच्या देखरेखीखाली तो १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. नाण्याकडे लोभाच्या दृष्टीने न पाहता ज्ञानाच्या दृष्टीने पाहणारा व्यापारी कसा असतो, याचा हा उत्तम नमुना होय.

प्रूफ नाणे म्हणजे काय?

नाणेसंग्रहाची आवड लागलेल्या मनुष्याच्या कानावर 'प्रूफ' हा शब्द लवकरच येतो. पुष्कळांस असे वाटते की, नवे कोरे आणि चकाकणारे नाणे म्हणजे प्रूफ. हा समज बरोबर नाही. टांकसाळीतून नुकतेच बाहेर पडलेले साधे नाणेही चकाकतेच. प्रूफ हा शब्द नाण्याच्या अवस्थेचा वाचक नसून ते पाडण्याच्या पद्धतीचा वाचक आहे.

व्यवहारासाठी नाणी पाडताना यंत्र भराभर चालते. एका ठशाखालून हजारो चकत्या जातात, नाणी ढिगात पडतात आणि एकमेकांवर आपटून त्यांस ओरखडे येतात. प्रूफ नाण्याची तऱ्हा याहून निराळी असते. त्यासाठी ठसे घासून आरशासारखे गुळगुळीत करतात. निवडक चकत्या स्वच्छ करून त्यांना झिलई देतात. यंत्र संथपणे चालवून एकाच चकतीवर बहुधा दोन किंवा अधिक दाब देतात आणि तयार नाणे हातमोजे घालून एकेक असे उचलून ठेवितात. यामुळे नाण्याचा मोकळा भाग आरशासारखा दिसतो, अक्षरे व चित्रे त्यातून स्पष्ट उठून येतात आणि काठ चौकोनी व धारदार राहतो.

अशी नाणी कशासाठी पाडीत? पूर्वीच्या काळी ती विक्रीकरिता नव्हतीच. नव्या ठशाची परीक्षा करणे, राजा किंवा मंत्री यांस नमुना दाखविणे, परदेशी पाहुण्यास भेट देणे अथवा टांकसाळीच्या स्वतःच्या दप्तरात एक उत्कृष्ट प्रत राखून ठेवणे हे त्यामागील हेतू असत. म्हणूनच त्यांची संख्या अल्प असे.

लहान किमतीच्या नाण्यांस महत्त्व का?

सोन्याची मोहोर सर्वजण जपतात. तांब्याची पै कोणी जपत नाही. ती हातोहात फिरते, झिजते, मुलांच्या खेळात हरवते आणि शेवटी भंगाराच्या वजनात विकली जाते. यामुळे लहान किमतीचे नाणे लक्षावधी संख्येने पाडलेले असले तरी शंभर वर्षांनंतर त्याची एखादी निर्दोष प्रत मिळणे कठीण होते. तांबे हा धातूही नाजूक. हवेतील दमटपणा आणि हाताचा घाम यांनी तो लवकर काळवंडतो. मग तांब्याचे, लहान किमतीचे आणि तेही जुने प्रूफ नाणे किती दुर्मिळ असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

या बाबतीत अमेरिकेचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तेथील टांकसाळ १७९२ च्या कायद्याने फिलाडेल्फिया येथे स्थापन झाली आणि १७९३ मध्ये अर्ध्या सेंटचे तांब्याचे नाणे निघाले. एका डॉलरचे शंभर सेंट. म्हणजे हे नाणे डॉलरचा दोनशेवा भाग. आपल्या जुन्या रुपयाच्या १९२ पै होत असत. तेव्हा अर्धा सेंट ही अमेरिकेची पै होती असे म्हणावयास हरकत नाही. या नाण्यास तिकडे फारशी मागणी राहिली नाही. १८४० ते १८४८ या नऊ वर्षांत व्यवहारासाठी एकही अर्धा सेंट पाडला गेला नाही; जे थोडे पाडले गेले ते सर्व प्रूफ होते. १८३६ आणि १८५२ या वर्षांचीही तीच गोष्ट. पुढे फेब्रुवारी १८५७ च्या कायद्याने हे नाणेच बंद झाले. ज्या नाण्याने बाजारात कोणी काही विकत घेतले नाही, तेच आज त्या देशातील मोठ्या संग्रहांचे भूषण होऊन बसले आहे.

मूळ नाणे आणि मागाहून पाडलेले नाणे

परंतु या कथेस एक दुसरी बाजू आहे, आणि व्यापाऱ्याने ती विशेष लक्षात घ्यावी. संग्राहकांची मागणी वाढू लागताच फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत जुन्या वर्षांची नाणी पुन्हा पाडण्यात आली. जेम्स रॉस स्नोडन हे १८५३ ते १८६१ या काळात टांकसाळीचे संचालक होते. टांकसाळीच्या संग्रहालयासाठी जॉर्ज वॉशिंग्टन यांची पदके मिळवावीत, अशी त्यांची इच्छा होती, आणि त्यांच्या मोबदल्यात संग्राहकांस अशी पुन्हा पाडलेली नाणी दिली जात. अर्थात नाण्यावर १८४० चा आकडा असला तरी ते नाणे त्याच वर्षी पाडले गेले असे निश्चित म्हणता येत नाही.

मग दोहोंतील भेद कसा ओळखावा? १८४० नंतरच्या अर्ध्या सेंटच्या मागील बाजूस पानांचा वेढा आहे आणि त्यात लहान लहान फळे कोरलेली आहेत. मूळ नाण्यांवर ही फळे मोठी आहेत. मागाहून पाडलेल्यांवर ती लहान आहेत, कारण मागील बाजूचा ठसा बदललेला होता. मोहरीएवढ्या फळाच्या आकारावरून नाण्याचा जन्मकाळ ठरतो! येथे बनावट कोणी केलेली नाही. नाणे सरकारी टांकसाळीचेच आहे. तरीसुद्धा मूळ आणि मागाहूनचे यांत भेद आहे, आणि तो जाणून घेतल्यावाचून किंमत देणारा फसतो.

हीच गोष्ट आपल्या देशातही घडलेली आहे. मुंबई व कलकत्ता येथील टांकसाळींत जुने ठसे जपून ठेवलेले होते आणि त्यांवरून संग्राहकांसाठी जुन्या सालांची प्रूफ नाणी पुनःपुन्हा पाडली जात. हा प्रघात १९७० च्या सुमारास बंद झाला. अशा नाण्यांत कधी एका काळाच्या दर्शनी ठशास भलत्याच काळाचा मागील ठसा जोडलेला आढळतो. म्हणून कंपनी सरकारचे किंवा व्हिक्टोरिया राणीचे अतिशय झळझळीत तांब्याचे नाणे समोर आले, तर प्रथम आनंद न मानता प्रथम शंका घ्यावी. ते खोटे असेलच असे नाही. पण मूळ असेल असेही नाही. मागाहून पाडलेले नाणेही संग्राह्य आहे. मात्र मूळ नाण्याच्या भावाने ते घेऊ नये.

पश्चिम हिंदुस्थानातील पहिली उत्तम तांबी नाणी

आपल्या प्रांताशी निकट संबंध असलेले एक उदाहरण येथे देणे अगत्याचे आहे. ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई इलाख्यासाठी १७९१ मध्ये तांब्याची नाणी इंग्लंडात पाडून घेतली. बर्मिंगहॅमजवळील सोहो येथे मॅथ्यू बोल्टन याने वाफेच्या शक्तीवर चालणारी टांकसाळ उभारली होती. तेथे ती तयार झाली. नंतर १७९४ आणि १८०४ या सालांचीही नाणी तेथूनच आली. या नाण्यांच्या काही प्रूफ प्रती आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या प्रतीही पाडण्यात आल्या होत्या; त्या आज अत्यंत दुर्मिळ मानल्या जातात.

व्यापाऱ्यांच्या दृष्टीने या नाण्याचे वैशिष्ट्य त्याच्या चित्रांत आहे. १७९१ च्या नाण्याच्या एका बाजूस कंपनीची गठ्ठ्यांवर मारावयाची खूण आहे. कापडाच्या गाठोड्यावर आपण जशी पेढीची निशाणी घालतो तशीच ही. दुसऱ्या बाजूस तराजू असून त्याच्या दोन पारड्यांमध्ये फारशी लिपीत 'अदल' म्हणजे न्याय हा शब्द आहे. ज्या कंपनीने हे नाणे काढले, तिने त्या शब्दाचे पालन किती केले, हा प्रश्न इतिहासकारांवर सोपवू. परंतु तराजू आणि न्याय ही दोन्ही एका पैशावर कोरलेली पाहून कोणाही प्रामाणिक व्यापाऱ्यास समाधान वाटल्यावाचून राहणार नाही. वाचकांस कौतुक वाटेल अशी आणखी एक गोष्ट म्हणजे, याच बोल्टनच्या कारखान्यातून १७९७ पासून अनेक वर्षे फिलाडेल्फियाच्या टांकसाळीस तांब्याच्या कोऱ्या चकत्या पुरविल्या जात होत्या. अशा रीतीने मुंबईचा पैसा आणि अमेरिकेचा सेंट यांचे माहेर एकच ठरते.

बडोद्याचा पैसा

आता आपल्या बडोद्याकडे वळू. गायकवाडांची जुनी नाणी हाताने पाडलेली होती. त्यांवर आरंभी मोगल बादशहाचे नाव फारशीत असे आणि त्याबरोबर गायकवाड महाराजांच्या नावाची व आडनावाची आद्याक्षरे नागरीत असत. १८५७ च्या उठावानंतर बादशाही संपली आणि खंडेराव महाराजांच्या नाण्यांवर बादशहाच्या नावाऐवजी 'सेनाखासखेल समशेर बहादूर' हा गायकवाडांचा किताब आला. हातोड्याने पाडलेल्या या नाण्यांत ठसा मोठा व चकती लहान असल्यामुळे संपूर्ण मजकूर क्वचितच उतरत असे. म्हणून पूर्ण ठसा उतरलेले नाणे विशेष मोलाचे समजावे.

श्रीमंत सयाजीराव महाराज, तृतीय, यांच्या कारकिर्दीत बडोद्याची नाणी यंत्रावर पडू लागली. तांब्याच्या पै, पैसा आणि दोन पैसे अशा किमतींच्या नाण्यांवर विक्रम संवत १९४० ते १९५० या दरम्यानचे आकडे आढळतात. इसवी सनाच्या हिशेबाने हा काळ सुमारे १८८३ ते १८९४ असा येतो. त्यांवर महाराजांचे नाव, तलवार आणि घोड्याचा खूर ही चिन्हे आहेत. किंमत मराठीत लिहिलेली असून आकडे नागरी आहेत. गुजरातच्या बाजारपेठेत मराठी अक्षरांचा हा पैसा सर्रास चालत होता. चांदीच्या रुपयांवर व आण्यांच्या नाण्यांवर महाराजांची मुद्रा आली. बडोद्याच्या या रुपयास 'बाबाशाही' म्हणत. इंग्रजी रुपयाच्या तुलनेत त्याची किंमत कमी असे व दर बदलत असे; त्यामुळे वटाव हा सराफांचा नित्याचा व्यवहार होता. संवत १९५६ च्या भीषण छप्पनिया दुष्काळानंतर, १९०१ मध्ये, बाबाशाही चलनाच्या जागी इंग्रजी चलन आले.

यंत्राचा उपयोग झाला तरी बडोद्याचे सर्वच पैसे सारखे नाहीत. आरंभीचे पैसे जाड व वजनदार आहेत. पुढचे पातळ आहेत. कोठे ठसा मध्यापासून सरकलेला, कोठे आकडा पुसट, कोठे ठशास तडा गेल्याची रेघ. ज्या पैशावर संवताचे चारही अंक, तलवार, खूर आणि काठावरील अक्षरे स्पष्ट असतील आणि ज्याचा मूळ पृष्ठभाग कोणी घासलेला नसेल, तो पैसा प्रूफ नसला तरी बडोद्याच्या इतिहासाचा प्रथम श्रेणीचा साक्षीदार आहे.

ज्यांना संस्थानी नाण्यांत प्रूफच पाहावयाचे असेल त्यांनी माळव्यातील मराठी संस्थानांकडे लक्ष द्यावे. १८७६ च्या कायद्याने संस्थानिकांस सरकारी टांकसाळीत आपली नाणी पाडून घेण्याची सवलत मिळाली. त्यानुसार कलकत्त्याच्या टांकसाळीत १८८७ मध्ये धारच्या पवारांसाठी आणि १८८८ मध्ये देवासच्या थोरल्या व धाकट्या अशा दोन्ही पातींसाठी तांब्याची लहान नाणी पाडण्यात आली. यांच्या प्रूफ प्रती आढळतात. पण त्यांतही मागाहून पाडलेल्या प्रती आहेत, हे वर सांगितलेले तत्त्व विसरू नये.

स्वतंत्र भारतातील प्रूफ संच

दुर्मिळ जुन्या नाण्यांची किंमत सर्वांस परवडण्यासारखी नसते. नव्याने छंद लागलेल्या तरुणांनी स्वतंत्र भारताच्या नाण्यांपासून आरंभ करावा. प्रजासत्ताकाच्या पहिल्या वर्षी, १९५० मध्ये, मुंबईच्या टांकसाळीने सात नाण्यांचा प्रूफ संच काढला. त्यात पैशापासून रुपयापर्यंतची नाणी असून पैशावर दौडणारा घोडा आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धती सुरू झाली आणि रुपयाचे शंभर नये पैसे झाले. पुढे निघालेल्या संचांत या नव्या लहान नाण्यांच्याही प्रूफ प्रती आल्या. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे व त्याखालील नाणी चलनातून गेली; त्यामुळे ज्या नाण्यांकडे आपण काल तुच्छतेने पाहत होतो, तीही आता इतिहासात जमा झाली आहेत.

घरातील नाण्यांचे रक्षण

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ. जुन्या नाण्यांचा नाश चोरांपेक्षा आपल्या घरातच अधिक होतो, आणि तो श्रद्धेपोटी व स्वच्छतेच्या आवडीपोटी होतो. दिवाळीच्या दिवसांत धनतेरस, लक्ष्मीपूजन आणि चोपडापूजन यांसाठी घरची नाणी बाहेर निघतात. चिंच, लिंबू, राख किंवा बाजारातील पॉलिश लावून ती लखलखीत केली जातात. अशा एका घासण्याने तांब्याच्या नाण्याचा मूळ थर निघून जातो. पुढे ते पुन्हा काळे पडते. मात्र मूळ पृष्ठभाग पुन्हा येत नाही. दरवर्षी घासलेल्या पैशावरचा संवत दहा-वीस वर्षांत वाचेनासा होतो. हा आमच्या मते घराण्याच्या दप्तराचे एक पान पुसून टाकण्याचाच प्रकार आहे.

यासाठी काही साधे नियम पाळावेत.

१. पूजेसाठी चांदीचे एखादे नवे नाणे वेगळे ठेवावे व स्नान त्यासच घालावे. जुनी नाणी पूजेत मांडावयाची असल्यास ती डबीत बंद ठेवूनच मांडावीत. कुंकू, दूध आणि पाणी यांचा तांब्यास स्पर्श होऊ देऊ नये.

२. नाणे नेहमी काठावर दोन बोटांनी धरावे आणि खाली मऊ कापड असावे. प्रूफ नाण्याच्या आरशावर उमटलेला बोटाचा ठसा कायमचा राहतो.

३. साध्या मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्यांत नाणी ठेवू नयेत; काही वर्षांत त्यांवर हिरवा चिकट थर येतो. संग्राहकांसाठी मिळणाऱ्या आम्लरहित कागदाच्या पाकिटांचा वा कडक पारदर्शक डब्यांचा उपयोग करावा. पावसाळ्यात डब्यात ओलावा शोषणारी पुडी ठेवावी.

४. प्रत्येक नाण्याबरोबर एक चिठ्ठी ठेवून त्यावर नाणे कोणाकडून व केव्हा आले, वजन किती आणि किंमत काय दिली, हे लिहावे. आपल्या खतावणीत प्रत्येक रकमेची नोंद असते. मग नाण्यांचीच का नसावी?

५. खरेदी करताना भिंग व सूक्ष्म वजनकाटा यांवाचून सौदा करू नये. काठ, अक्षरांची धार आणि वजन ही तीन अंगे तपासावीत.

कायदा आणि सावधगिरी

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते. बडोद्याचे संवत १९४० चे पैसे त्यात येतात. ती नाणी अनुमतीवाचून परदेशी पाठविता येत नाहीत आणि अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्यास परवाना घ्यावा लागतो. परदेशी असलेल्या मुलाबाळांस नाणे भेट पाठविण्यापूर्वी हे ध्यानात असावे. जुने घर पाडताना जमिनीत वा भिंतीत पुरलेले धन सापडल्यास १८७८ च्या कायद्याप्रमाणे, त्याचे मूल्य दहा रुपयांहून अधिक असेल तर, कलेक्टरांस कळवावे लागते.

आणखी एक इशारा. जुन्या नाण्यास लाखो रुपये देऊ, प्रथम नोंदणीचे किंवा कराचे पैसे पाठवा, अशा जाहिराती अलीकडे दूरध्वनीवर येतात. आपल्या नावाने असे शुल्क मागितले जात असल्याचे दिसून आल्यावर रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये स्पष्ट केले की, बँक अशा व्यवहारात पडत नाही आणि कोणाकडूनही शुल्क वा दलाली मागत नाही. खरा ग्राहक नाणे पाहून पैसे देतो. तो आधी पैसे मागत नाही. हे व्यापाऱ्यांस शिकविण्याची वेळ यावी, हे खेदजनक आहे.

उपसंहार

नाण्याचे मोल केवळ धातूत नाही, केवळ वयातही नाही. ते कोणी, कसे व केव्हा पाडले, आणि त्यानंतर मनुष्याच्या हातांनी त्यास किती अबाधित ठेविले, यावर ते ठरते. प्रूफ नाण्याची महती एवढ्यासाठीच आहे की, कारागिराने आपल्या सर्व कौशल्यानिशी केलेले काम त्यात जसेच्या तसे राहिलेले असते.

बडोद्याच्या वस्तुसंग्रहालयाची स्थापना सयाजीराव महाराजांनी १८९४ मध्ये केली. तेथील नाण्यांचा संग्रह आमच्या सभासदांनी मुलाबाळांसह एकदा अवश्य पाहावा आणि घरी येऊन आपली जुनी पेटी उघडावी. तीत दोन पैशांचे एखादे काळवंडलेले नाणे सापडेल. ते घासू नये. भिंगाखाली धरून त्यावरील संवत वाचावा आणि चिठ्ठीवर लिहून ठेवावा. आपल्या पूर्वजांनी ज्या नाण्यावर प्रामाणिकपणे व्यापार केला, त्याची एवढी नोंद तरी पुढील पिढीच्या हाती पडावी, अशी आमची सर्व सभासद बंधु-भगिनींस विनंती आहे.